महासोलोची एकांडी

माझ्या नवऱ्याला मी मोकाऱ्या विकायला आयुष्यात एकदाच बसवलं. त्या दिवशी माझी दाढ ठणकत होती, उठवत नव्हतं. तांदळाचं पीठ नारळाच्या दुधात आंबवून साच्यात भाजलेल्या टोपलीभर मोकाऱ्या त्याच्यापुढे ठेवल्या आणि त्याला चिंचेखाली बसवून आले. दुपारी पोरीला पाठवलं, म्हटलं, विचारून ये किती उरल्यात. पोरगी आली आणि म्हणाली, एक. माझी निम्मी दाढदुखी तिथंच थांबली. मग हा आला, तर टोपली जड म्हणून दोन्ही हातांनी धरलेली.

“अरे, एक उरली म्हणालास ना?”

“एकच उरते,” महासोलो म्हणाला. “दोन-दोन काढत जा, शेवटी एक. पटत नसेल तर काढून बघ.”

असल्या माणसाबरोबर मी संसार केलाय. तेव्हा बाकीच्या बायकांनी आपापल्या नवऱ्यांची गाऱ्हाणी माझ्यापुढे आणू नयेत, मला हसू येतं.

महासोलो सिकिदी मांडतो. कुणाचा बैल हरवला, कुणाची होडी पाण्यात लोटायची, कुणाला ताप येऊन उतरत नाही, की लोक आमच्या अंगणात येऊन बसतात. तो फानोच्या बियांची पिशवी उघडतो, चटई झटकतो, बियांना हाका मारून जागं करतो. मग मूठभर बिया घ्यायच्या आणि दोन-दोन बाजूला सारायच्या. शेवटी एक उरते नाहीतर दोन. जे उरेल ते चटईवर. असं करत चार ओळी, ओळीत चार जागा. प्रत्येक ओळ म्हणजे चार अक्षरांचा एक शब्द, आणि अक्षरं दोनच, एक आणि दोन. असे शब्द सोळाच होतात, सतरावा कुणी बनवून दाखवावा. त्या सोळांत देवानं सगळं जग बसवलंय, असं महासोलोचं म्हणणं. बसवलं असेल. माझी दाढ त्यात कुठं बसते ते त्यानं कधी सांगितलं नाही.

आडवे वाचले की चार शब्द, उभे वाचले की आणखी चार. मग दोन-दोन शब्दांच्या जोड्या लावून खाली आठ नवे शब्द काढायचे. जोडीचा नियम ऐका: एक आणि एक मिळून दोन. ठीक. दोन आणि दोन मिळून दोन. एक आणि दोन मिळून एक. असला हिशेब घेऊन मी चुलीपुढे बसले असते तर घरातली सगळी माणसं समुद्राचं पाणी पिऊन झोपली असती. असे एकूण सोळा शब्द चटईवर उभे राहिले की प्रत्येकाला एकेक घर मिळतं. लेकराचं घर, शत्रूचं घर, वाटेचं घर, देवाचं घर. कुठल्या घरात कुठला शब्द आला ते बघून उत्तर द्यायचं.

हे सगळं त्याच्या अंगात इतकं मुरलं की माणसंही त्याला शब्दच दिसायला लागली. शेंगा खाताना दोन-दोन दाणे तोंडात टाकणार आणि शेवटचं उरलेलं बघून मान डोलावणार. आम्ही भांडलो की मला म्हणायचा, “तू दोन-एक-एक-दोन आहेस, सोआवेलो. इकडून वाचा, तिकडून वाचा, तेच.”

“आणि तू चारी दोन,” मी म्हणायची. “कशातही मिसळ, काही फरक पडत नाही.”

हे त्याला लागायचं, कारण ते खरं आहे. तो शब्द कुठल्याही शब्दाशी जोडला की तो दुसरा शब्द जसाच्या तसा राहतो. इतकी वर्षं ऐकून ऐकून मलाही थोडं यायला लागलं होतं.

आता एकांडीबद्दल सांगते, कारण आमच्या घरातली निम्मी भांडणं तिच्यापायी झाली. सोळा शब्द चार दिशांना वाटलेले असतात, काही पूर्वेचे, काही पश्चिमेचे, असे. मांडणी पुरी झाली की सगळ्या दिशांचे शब्द इथं-तिथं विखुरलेले दिसतात. पण फार फार क्वचित असं होतं की एखाद्या दिशेचा एकच शब्द सबंध मांडणीत पडतो. ती एकांडी. ती पडली की बाकीच्या पंधरा घरांनी तोंड मिटायचं. तो एकटा शब्द ज्या घरात आणि ज्या दिशेचा, तेच खरं. ज्याच्या चटईवर ती पडली, त्यानं ती खडूनं आपल्या दारावर काढायची आणि मरेपर्यंत मिरवायची. बिया हातानं जुळवून बनवलेली चालत नाही. मुठीतून पडलेलीच हवी.

आमच्या गावात अशी एकांडी एकाच दारावर होती आणि ते दार तोवुंद्रायचं होतं.

तोवुंद्राय आणि महासोलो एकाच म्हाताऱ्याकडे शिकले. लहानपणी म्हणे एकाच होडीत झोपायचे. मग तोवुंद्रायच्या चटईवर एकांडी पडली आणि दोस्ती बुडाली. तोवुंद्रायचं घर गावाच्या पूर्वेला, चिंचेच्या पलीकडे, तिकडे ते एकच घर. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो दारापाशी उभा करायचा. वादळात त्याचं छप्पर उडालं, तेव्हा बायको भांडी वाचवत होती आणि हा दार डोक्यावर घेऊन पळत होता. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. महासोलोनंही पाहिलं आणि हसायचं सोडून मला म्हणाला, “मीसुद्धा हेच केलं असतं.”

तेव्हापासून आमचा महासोलो एकांडीच्या मागे लागला. सकाळ झाली की बिया. शब्द जोडतोय, मोडतोय, कुठली बी हलवली की खालची कुठली घरं बदलतात ते बघतोय. आमचं दार कोरं. त्यानं ते घासून इतकं गुळगुळीत केलं होतं की पाल चढायला गेली तर घसरायची. त्याच्या शेजारी बसायला कुणी तयार असेल तर फक्त आमची मुलगी, फिताहिया. एकुलती एक. इतर पोरी शिंपले वेचायच्या, ही बापाशेजारी मांडी घालून बिया जोडायची. तो तिच्याशी जितकं बोलला तितकं माझ्याशी बोलला असता तर मी आज लठ्ठ झाले असते. मला मत्सर वाटायचा, खोटं कशाला बोलू.

आणि याच पोरीचा जीव जडला कुणावर, तर तोवुंद्रायच्या भाच्यावर. लाहात्सी त्याचं नाव. आईबाप नाहीत, मामाच्याच घरी वाढलेला. पोरगा सरळ, कष्टाळू, होडी हाकण्यात पटाईत. बोलायला मात्र त्याला भरती-ओहोटी लागते.

महासोलोला सांगितलं तेव्हा त्याच्या हातातली पिशवी खाली पडली.

“त्या घरात? त्या दारातून माझी मुलगी आत-बाहेर करणार? रोज?”

“दारातूनच करणार,” मी म्हटलं. “भिंतीतून कशी करेल?”

“तो माणूस मला हसेल, सोआवेलो. म्हणेल, एकांडीही माझी आणि पोरगीही माझी.”

मग दोन दिवस जेवला नाही. म्हणजे आमच्यासमोर जेवला नाही, भांडी मला सांगत होती. खरं दुखणं तोवुंद्राय नव्हताच. फिताहिया गेली की चटईवर शेजारी कुणी बसणार नव्हतं. हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही, पण तोवुंद्रायला शिव्या देणं सोपं होतं.

आमच्याकडे मागणी आली की मुलीच्या बापानं सिकिदी मांडायची, मुलाकडच्यांनी समोर बसून बघायची. बाप स्वतः जाणकार असेल तर दुसऱ्याला बोलवायचं नाही, अपमान होतो. फिताहियानं आदल्या दिवशी बापाला एवढंच सांगितलं, “बाबा, तुमची सिकिदी नाही म्हणाली तर मी नाही म्हणेन. पळून-बिळून जाणार नाही. पण मग पुन्हा मला कुणाबद्दल विचारायला येऊ नका.” मी तिला ओळखते. ती दोन-एक-एक-दोन आहे, आईवर गेलीय. तिनं म्हटलं म्हणजे झालं. त्यातून लाहात्सी लगेच होड्यांबरोबर उत्तरेला जाणार होता. नकार घेऊन गेला असता तर तो कसला परत येतोय.

सकाळी मंडळी आली. तोवुंद्राय नवं कापड खांद्यावर टाकून, लाहात्सी त्याच्या मागे जमिनीकडे बघत. तोवुंद्रायनं आत शिरण्याआधी आमच्या कोऱ्या दारावरून बोट फिरवलं.

“छान गुळगुळीत ठेवलंयस रे. माझ्या दारावर तर हात ठेवायला जागा नाही.”

“ये, बस,” महासोलो दात दाबत म्हणाला. “डोकं सांभाळ. दार डोक्यावर घ्यायची सवय आहे तुला.”

मी मनात म्हटलं, सुरुवात झाली.

बिया जाग्या केल्या. मूठ उचलली. दोन-दोन, दोन-दोन. सोळा जागा भरत गेल्या. मी कुडाला टेकून उभी होते, फिताहिया माझ्या शेजारी. तोवुंद्राय खोकल्याची उबळ आली म्हणून तोंड फिरवून पाणी मागू लागला, लाहात्सी उठून तांब्याकडे गेला, आणि त्याच वेळी मी पाहिलं. लेकराच्या ओळीत पहिल्या जागी दोन बिया होत्या. महासोलोनं त्यांच्यावर अंगठा ठेवला. अंगठा उचलला तेव्हा तिथं एकच बी होती.

लेकराचा शब्द आता झाला एक-एक-दोन-दोन. आणि खाली शत्रूच्या ओळीतही एक-एक-दोन-दोन. लेकरू आणि शत्रू एकच शब्द बोलायला लागले तर लग्न होत नाही, हे आमच्या किनाऱ्यावर शेळ्यांनासुद्धा कळतं.

ओरडले तर नवऱ्याची अब्रू जाते. पुन्हा या अंगणात कुणी पाय ठेवला नसता. गप्प बसले तर पोरीचा जन्म वाया. मग मी ठरवलं, जाऊ दे त्याची अब्रू चुलीत, आणि तोंड उघडलं. तेवढ्यात माझं मनगट कुणीतरी घट्ट धरलं. फिताहिया. तिचे डोळे चटईवर होते, ओठ हलत होते, काहीतरी पुटपुटत होती.

“थांब, नेनी,” ती हळूच म्हणाली. आईला आमच्याकडे नेनी म्हणतात.

“अगं, तुझ्या बापानं...”

“पाहिलं मी. थांब.”

तोवुंद्राय पाणी पिऊन वळला आणि त्याचा चेहरा पडला. “लेकरू आणि शत्रू सारखेच,” तो म्हणाला. लाहात्सीच्या हातातला तांब्या तसाच राहिला.

“काय करणार,” महासोलो म्हणाला आणि असा सुस्कारा सोडला की मला त्याच्या पाठीत लाटणं घालावंसं वाटलं. “माझ्या मनात खूप होतं रे. पण बियांपुढे बापाचं काय चालतं?”

“पुरी तर मांड,” तोवुंद्राय म्हणाला.

अर्धी मांडणी सोडायची नसते. महासोलो दुःखी चेहरा करून खालचे शब्द काढायला लागला. एक आणि एक, दोन. एक आणि दोन, एक. मला अजून एक आशा होती, देवाचं घर. त्या घरात एकेरी बिया नेहमी जोडीनंच यायला हव्यात, नाही आल्या तर मांडणीत चूक. म्हटलं, आता सापडतोय. पण देवाच्या घरात दोन एकेरी, दोन दुहेरी, अगदी व्यवस्थित. तोवुंद्रायनं बोट लावून मोजलं आणि मान डोलावली. नंतर मला फिताहियानं समजावलं, ती तपासणी जोडताना झालेली चूक पकडते. वरच्या सोळा जागांत तुम्ही काहीही ठेवा, ती बरोबरच येणार. देव हिशेब तपासतो, अंगठा तपासत नाही. मला हे पटलेलं नाही, पण असं आहे खरं.

महासोलो दुःखी होण्यात इतका गुंग होता की आपण काय मांडतोय याकडे त्याचं लक्षच नव्हतं. लक्ष तोवुंद्रायचं गेलं. तो गुडघ्यांवर आला. मग चटईवर वाकला. त्याचं बोट हवेत एका घरावरून दुसऱ्या घरावर फिरायला लागलं. महासोलोनं शेवटचं घर मांडलं, वाटेचं, आणि हात झटकले.

“झालं. वाईट वाटतं, पण...”

“महासोलो,” तोवुंद्राय घोगऱ्या आवाजात म्हणाला, “पूर्वेचे शब्द मोज.”

महासोलोनं मोजलं. पुन्हा मोजलं. मग उलट्या बाजूनं मोजलं. सबंध मांडणीत पूर्वेचा शब्द एकच होता. वाटेच्या घरात.

आमच्या लग्नात याचा चेहरा इतका उजळला नव्हता. मला राग यायला हवा होता, पण मीही बघतच राहिले. त्यानं आयुष्यभर जिच्यासाठी दार घासलं, ती त्याच्या पायापाशी पडली होती. आणि मग तो उजेड हळूहळू मावळायला लागला, कारण त्याला अर्थ कळला. एकांडी पडली, बाकीची पंधरा घरं गप्प. लेकरू गप्प, शत्रू गप्प. बोलणार फक्त वाट. वाट कुठं? पूर्वेला. आणि आमच्या गावाच्या पूर्वेला कुणाचं घर आहे हे मी आधीच सांगितलंय.

“कदाचित,” महासोलो ओठ ओले करत म्हणाला, “मांडताना माझी कुठंतरी चूक...”

“चूक कसली? देवाचं घर मी मोजलंय.” तोवुंद्रायच्या डोळ्यांत काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. हेवा होता, आणि थोडी लबाडीही. “पण तुला शंका असेल तर राहू दे. आत्ताच्या आत्ता बिया मिसळून टाकू, पुन्हा मांड. कोण विचारतंय?” आणि त्यानं हात पुढे केला.

“हात लावायचा नाही!”

महासोलो ओरडला आणि चटईवर दोन्ही हात पसरून ओणवा झाला, पिलांवर कोंबडी बसते तसा. तोवुंद्राय जरा मागे सरकला.

“मग खरी आहे म्हणतोस?”

“खरी आहे.”

“पूर्वेला?”

चटईवर ओणव्या पडलेल्या माणसाला विचार करायला वेळ लागतो. फिताहियाची बोटं माझ्या मनगटात रुतली होती.

“पूर्वेला,” महासोलो चटईकडे तोंड करून म्हणाला.

लाहात्सीच्या हातून तांब्या पडला. एवढंच बोलला तो त्या दिवशी.

मग जो गोंधळ झाला तो विचारू नका. सगळं गाव खडू बघायला जमलं. महासोलो उखळ उलटं घालून त्यावर उभा राहिला आणि एकेक ठिपका काढायला त्यानं इतका वेळ लावला की खाली उभ्या लोकांना मी मोकाऱ्या विकल्या, आणि चांगल्या खपल्या. पोरांनी फोनवर दाराचे फोटो काढले. तोवुंद्रायनं स्वतः खालून सोळाच्या सोळा शब्द तपासून दिले, आणि एक ठिपका वाकडा आला म्हणून दोघं असे भांडले की जुने दिवस परत आल्यासारखं वाटलं.

लग्नाच्या सकाळी मी आणि फिताहिया चुलीपाशी साच्यात पीठ ओतत होतो. तेव्हा मी विचारलं. “माझा हात का धरलास त्या दिवशी? तुला आधीच दिसली होती ना एकांडी?”

“बाबांनी अंगठा उचलला तेव्हाच खालची घरं जोडून पाहिली. एक बी हलली की काय काय बदलतं ते त्यांनीच शिकवलंय.”

“आणि अंगठा ठेवण्याआधी काय होतं?”

तिनं पिठाचा हात पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “हो होतं, नेनी. साधं, सरळ हो.”

“अगं मग मला ओरडू द्यायचं! एवढा जीव टांगणीला कशाला लावायचा?”

“साध्या हो-नं माझं लग्न झालं असतं,” फिताहिया म्हणाली, “पण बाबा हरले असते. लाहात्सीच्या मामांनी त्यांना रोज ऐकवलं असतं. मी तिकडे सुखात आणि बाबा इकडे कोरं दार घासत बसलेत, हे मला बघवलं नसतं. आता बघ.”

मी बघितलं. दारापाशी महासोलो दोन पाहुण्यांना उभं करून बोटानं दाखवत होता. मान अशी ताठ की मला त्याच्या मानेची काळजी वाटली. माझे डोळे भरून आले. धूर होता म्हणा.

वाजतगाजत तिला पूर्वेकडे नेलं. आम्ही दोघं परत आलो. अंगण झाडायचं राहिलं होतं. महासोलो चटईवर बसला, शेजारची जागा नेहमीसारखी सोडून. मग त्यानं कमरेची गाठ सोडली आणि तीतून एक फानोची बी काढून माझ्यापुढे धरली.

“तू पाहिलं होतंस ना?”

“पाहिलं होतं.”

“आणि तिनं?”

मी त्याला सगळं सांगितलं. तिनं हात धरला ते, आधी हो होतं ते, ती का बोलली नाही ते. तो ऐकत राहिला. बी हातात फिरवत राहिला. मग रडला, लपवून नाही, चांगला मोठ्यानं. मी त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागी जाऊन बसले. मांडी घालून बसायला माझे गुडघे तयार नसतात, पण बसले.

काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, “आता घरात किती उरलो रे आपण?”

त्यानं नाक पुसलं.

“दोन,” तो म्हणाला.

या वेळी मला काढून बघावं लागलं नाही.